काचेची जाणती तार



तुमच्या ग्रामपंचायतीच्या कचेरीत बाहेरून एक काळी तार आलेली तुम्ही पाहिली असेल. रस्त्याच्या कडेने चर खणून ती पुरली, तेव्हा गावात दोन दिवस तिचीच चर्चा झाली असेल. ही तार तांब्याची नव्हे. तिच्या पोटात काच आहे. ग्रामपंचायती अशा तारेने जोडण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली आणि पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. दाखले, उतारे, बँकेचे व्यवहार आणि पोरांची चित्रे हे सारे या तारेतून उजेडाच्या रूपाने येते जाते, एवढे आता खेड्यातही सर्वांना ठाऊक झाले आहे.

पण या तारेचा दुसरा एक गुण आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. ही तार नुसती निरोप्या नाही. तिला ऊन कळते, ताण कळतो, पावलांचा आवाजही कळतो. आणि हे तिला एका टोकालाच कळते असे नाही, अंगभर कळते. आपल्या पाठीवर मुंगी चढली तर ती कुठे चढली हे न पाहता समजते ना, तसे. अशा कामाला लावलेल्या तारेला शास्त्रज्ञ प्रकाशतंतू संवेदक म्हणतात. शब्द जड आहे. आपण तिला जाणती तार म्हणू या.

आधी ही काच किती, ते पाहा. वरचे काळे वेष्टन, त्याखालचे बळकटीचे दोरे हे सगळे काढून टाकले की उरतो तो काचेचा धागा. त्याची जाडी मिलिमीटरचा आठवा भाग, म्हणजे जाड्या केसाहून थोडी अधिक. लांब पल्ल्याच्या तारेत प्रकाश ज्यातून धावतो तो मधला गाभा तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही बारीक असतो. एवढ्याशा धाग्यात उजेड कोंडून कसा राहतो? वळणावर तो बाहेर का सांडत नाही?

गुरुजी, हे तुम्हांला वर्गात दाखविता येईल. प्लॅस्टिकची एक रिकामी बाटली घ्या. तळापासून चार बोटे वर पेन्सिल जाईल एवढे भोक पाडा. बाटलीभोवती काळा कागद गुंडाळा. भोकाची जागा आणि तिच्या बरोबर समोरची विजेरीपुरती जागा तेवढी उघडी ठेवा. भोकावर बोट धरून बाटली पाण्याने भरा, खोलीत अंधार करा, समोरून विजेरी लावा आणि बोट काढा. पाण्याची धार वाकून खाली पडू लागेल. तिच्याखाली तळहात धरला की तळहातावर उजेडाचा ठिपका दिसेल. विजेरी तर सरळ समोर धरलेली आहे. मग उजेड धारेबरोबर वाकून खाली कसा आला? तर पाण्यातला प्रकाश काठाशी फार तिरपा येऊन आदळला म्हणजे तो बाहेर पडतच नाही. आरशावरून परतावा तसा पुन्हा आत वळतो. असे आपटत आपटत तो धारेबरोबर खाली येतो. हा प्रयोग लेसरच्या लहान दिव्याने अधिक ठळक दिसतो. मात्र तो दिवा मुलांच्या हाती देऊ नये. डोळ्यांत गेला तर वाईट.

जिनीव्हाच्या दानियेल कोलादों यांनी हा प्रयोग १८४२ साली लिहून ठेविला, आणि १८५४ साली जॉन टिंडल यांनी तो लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लोकांना दाखविला. पाण्याच्या जागी काच आली ती बऱ्याच उशिरा. त्या कामात आपल्याकडचे एक नाव मोठे आहे. पंजाबात मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली काचेच्या धाग्यांची जुडी करून तिच्यातून चित्र पलीकडे नेले. त्याचा वृत्तांत १९५४ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९६६ साली चार्ल्स काव यांनी दाखवून दिले की, काच पुरेशी शुद्ध केली तर उजेड कित्येक किलोमीटर जाईल. त्यांना त्याबद्दल २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजची काच इतकी स्वच्छ असते की, सुमारे पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा उजेड शिल्लक असतो. आपल्या खिडकीच्या काचेचा तुकडा कडेने उभा धरून पाहा. हातभर काचेतच तो हिरवा, काळपट दिसतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सगळाच उजेड पुढे जातो असे नाही. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्या कणाकणाशी थोडा उजेड विखुरतो, आणि त्यातला चिमूटभर आल्या वाटेने परत फिरतो. धुक्यात मोटारीचे दिवे लावले तर तोच उजेड ड्रायव्हरच्या डोळ्यांवर येतो, तसाच हा प्रकार. टेलिफोनच्या कामात हा परतलेला उजेड म्हणजे नुकसान. तारेला कोणी वाकविले, ती तापली, ताणली, तर या परतीच्या उजेडात फरक पडे. कोणाच्या तरी मनात आले की, ही खोड आहे तर तिचाच उपयोग का करू नये? जाणत्या तारेचा जन्म या खोडीतून झाला.

विहिरीत तोंड घालून हाक मारली की किती वेळाने प्रतिध्वनी आला यावरून पाणी किती खोल आहे याचा अंदाज येतो. तारेचेही तसेच आहे. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे एक मीटर जाऊन परत यायला सेकंदाचा दहा कोटीवा भाग लागतो. आपल्याला हा वेळ कल्पनेतही धरता येत नाही, पण आजच्या विजेच्या घड्याळांना तो सहज मोजता येतो. तारेच्या टोकाला एक पेटी असते. ती लेसरचा एक क्षणभराचा झोत आत सोडते आणि परत येणारा उजेड वेळेवारी टिपत बसते. अमुक वेळाने आला, म्हणजे अमुक मीटरवरून आला. पत्ता असा कळला. राहिली खुशाली. ती सांगतो परतलेल्या उजेडाचा रंग आणि जोर.

इथे आपल्याला पुन्हा घराकडे यावे लागते. दरवर्षी २८ फेब्रुवारीला तुमच्या शाळेत विज्ञान दिन होतो. १९२८ साली त्याच दिवशी कोलकात्यात, इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत, चंद्रशेखर वेंकट रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांना जो शोध लागला, तोच या तारेत काम करतो. पदार्थाचे रेणू स्थिर नसतात, ते सारखे थरथरत असतात. प्रकाश त्यांच्यावर आपटून परतताना बहुतेक जसाच्या तसा परततो. पण कोट्यवधींत एखादा कण रेणूशी देवाणघेवाण करतो. काही कण रेणूला थोडी शक्ती देऊन बसतात, त्यांचा रंग तांबड्या बाजूला सरकतो. काही कण आधीच थरथरणाऱ्या रेणूकडून शक्ती घेऊन येतात, त्यांचा रंग निळ्या बाजूला सरकतो. आता पाहा, पदार्थ जितका गरम तितके थरथरणारे रेणू अधिक, आणि तितका निळ्या बाजूचा उजेड अधिक. तांबड्या बाजूचा मात्र उष्णतेने फारसा बदलत नाही.

मग दोन्ही का मोजायचे, एकच का नाही? कारण तार कुठे वाकली किंवा जुनी झाली तर दोन्ही उजेड मिळून कमी होतात, आणि एकच पाहणारा फसतो. दोहोंचे प्रमाण मात्र जवळजवळ तसेच राहते. तराजूला दोन पारडी असतात ती उगीच नव्हे. १९८० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये या युक्तीने कित्येक किलोमीटर लांबीचा तापमापक तयार झाला. परत येणारा उजेड इतका थोडा असतो की, पेटी सेकंदाला हजारो झोत सोडते आणि काही मिनिटांची बेरीज करून मग आकडा सांगते. पण मग प्रत्येक मीटरचे तापमान अंशाच्या दशांशांत हाती येते. हजार मीटर तार म्हणजे ओळीने मांडलेले हजार तापमापक. आणि खर्च एका धाग्याचा.

एवढे तापमापक हवेत कोणाला? बोगद्यात आग लागली तर कुठे, विजेची जमिनीखालची केबल कुठे तापते आहे, हे पाहायला ती वापरतात. ते चांगलेच आहे. पण आपल्या दृष्टीने तिचे महत्त्वाचे ठिकाण म्हणजे मातीचे धरण.

महाराष्ट्रात मोठ्या धरणांत मोडणारी दोन हजारांहून अधिक धरणे आहेत, आणि त्यांतली बहुसंख्य मातीची आहेत. मातीचे धरण म्हणजे नुसता ढीग नव्हे, हे ज्यांनी धरणावर मजुरी केली ते जाणतात. मधोमध चिकण काळ्या मातीची भिंत, तिला हार्टिंग म्हणतात. दोन्ही बाजूंना मुरुमाची केसिंग. पाण्याच्या अंगाला दगडाचे पिचिंग. अशा धरणातून थोडे पाणी झिरपायचेच. झिरप स्वच्छ असेल, रोजच्याइतकीच असेल, तर काळजी नाही. पाणी गढूळ यायला लागले म्हणजे समजावे की ते आतली माती बरोबर आणते आहे. उंदराच्या बिळाएवढी वाट होते, वाटेची नळी होते, नळीचे भगदाड होते. पायथ्याला खाच बसवून झिरप मोजतात, चौकीदार बांधावरून फिरतो, हे सारे योग्यच. पण डोळ्यांना दिसते तेव्हा आतले काम पुष्कळ पुढे गेलेले असते. शिवाय रात्री आणि भर पावसात, म्हणजे नेमक्या धोक्याच्या वेळी, पाऊस कोणता आणि पाझर कोणता हे डोळ्यांना ओळखता येत नाही.

इथे उष्णता मदतीला येते. विहिरीचे पाणी थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार लागते, हा तुमचा रोजचा अनुभव. पाणी बदलत नाही. वरची हवा बदलते, खोल जमीन मात्र वर्षभर जवळजवळ एकाच उष्णतेवर राहते. धरणाच्या पोटातली मातीही तशीच. पण तलावाचे पाणी ऋतूप्रमाणे गार-गरम होते. तेव्हा पोटातून जिथे पाणी वाट काढीत असेल, तिथली माती तलावाच्या पाण्याच्या चालीने चालू लागते. बाकी सारी माती स्थिर आणि चार मीटरचा एकच तुकडा थंडीत गार होत चालला, तर तारेच्या आलेखावर तिथे खळगा दिसतो. पाणी बाहेर पडण्याआधी, गढूळ होण्याआधी.

दुसरी रीत अधिक सरळ आहे. काचेच्या धाग्याबरोबर त्याच वेष्टनात एक तांब्याची तार घालतात आणि तिच्यातून थोडा वेळ वीज सोडतात. सगळी तार काही अंशांनी तापते. कोरड्या मातीत ती उष्णता साठून राहते, ओल्या मातीत लवकर निघून जाते, आणि वाहत्या पाण्यात तर टिकतच नाही. गरम तवा ओट्यावर ठेवला आणि पन्हाळीखाली धरला, यांत जो फरक तोच. जो तुकडा तापायला तयार नाही, तिथे पाणी वाहते आहे. जर्मनीत आणि स्वीडनमध्ये १९९० नंतरच्या दशकात मातीची धरणे आणि कालव्यांचे भराव यांत अशा तारा पुरण्यास सुरुवात झाली. नव्या धरणात ती हार्टिंगच्या मागे, बांधकाम चालू असतानाच घालतात. जुन्या धरणाला पोट फाडून चालणार नाही, म्हणून पायथ्याशी चर घेऊन घालतात.

पुणेकरांना १२ जुलै १९६१ हा दिवस सांगावा लागत नाही. पानशेतचे धरण अजून पुरते बांधून व्हायचे होते. पोटातल्या मोरीवरचा भराव खचत गेला. जवानांनी वाळूची पोती रचून पाणी थोपविण्याचा प्रयत्न केला. सकाळी धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले. त्या वेळी जाणती तार असती तर पानशेत वाचले असते, असे मी म्हणणार नाही. तशी विधाने मागाहून करणे सोपे असते. पण तिवऱ्याचे वेगळे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि खालच्या वस्तीतली घरे माणसांसकट वाहून गेली. धरणाला गळती आहे अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, असे त्या वेळी छापून आले. म्हणजे डोळ्यांना दिसले होते, तोंडाने सांगितलेही होते. पण तोंडी तक्रारीला 'पाहू' म्हणता येते. अमुक तारखेपासून अमुक मीटरवर माती गार होते आहे, हा कागद समोर ठेविला तर 'पाहू' म्हणणाऱ्याला निदान सही करून म्हणावे लागते. आकडासुद्धा फायलीत पडून राहू शकतो, हे खरे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने धरणावर मोजमापाची उपकरणे बसविणे आणि नोंदी ठेवणे धरणाच्या मालकावर बंधनकारक केले आहे. तुमच्या तालुक्यातल्या धरणावर कोणती उपकरणे आहेत आणि ती चालू आहेत का, हे विचारायला हरकत नाही.

ताण ओळखण्याची युक्ती निराळी आहे. १९७८ साली कॅनडात ओटावा येथे केन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, तीव्र प्रकाशाने काचेच्या गाभ्यातच अतिसूक्ष्म पट्टे कायमचे उमटविता येतात. असा पट्ट्यांचा तुकडा पांढऱ्या उजेडातला एकच नेमका रंग परत पाठवितो. तार ताणली की पट्टे एकमेकांपासून दूर जातात आणि रंग सरकतो. मीटरभर तार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने लांबली तरी ते कळते. पुलाच्या तुळईला, विमानाच्या पंखाला असे तुकडे चिकटवितात. हाँगकाँगच्या त्सिंग मा पुलावर हे केलेले आहे.

आणि आवाज? त्याची हकीगत मोठी गमतीची आहे. उत्तर बंगालात, भूतानच्या पायथ्याशी, दुआर नावाचा जंगलांचा मुलूख आहे. रेल्वे त्या जंगलातून जाते, आणि हत्तींच्या वाटाही तिला आडव्या जातात. रात्री गाडीखाली हत्ती मरण्याचे प्रकार तिथे वर्षानुवर्षे होत आले. रुळांच्या कडेला निरोपांसाठी काचेची तार पुरलेली असतेच. ईशान्य सीमा रेल्वेने २०२२ साली अलिपूरद्वार विभागात या तारेच्या टोकाला पेटी बसविली. जमीन हादरली की तार किंचित ताणते आणि परत येणाऱ्या उजेडाच्या लहरी मागेपुढे होतात. रंग तोच, चाल तेवढी बदलते. हत्तीचे पाऊल संथ आणि जड, माणसाचे हलके आणि भरभर, गाडीचा तर नुसता गडगडाट. यंत्राला हा फरक शिकविलेला असतो. हत्ती रुळांजवळ आला की स्टेशन मास्तरला आणि इंजिन चालकाला सूचना जाते आणि गाडी हळू होते. हीच युक्ती समुद्रातही चालते. २०१८ साली कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात तळाशी टाकलेल्या तारेने समुद्राखालच्या जमिनीतल्या भेगा टिपल्या, आणि २०२० साली उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार बेटांपाशी अशाच तारेवर देवमाशांचे आवाज ऐकू आले. भिंतीला कान असतात असे आपण म्हणतो. आता जमिनीलाही आले. रस्त्याखालची तार कोण केव्हा चालत गेले हेही टिपू शकते, तेव्हा हे कान कोणाच्या ताब्यात असावेत याचाही कधी तरी विचार करावा लागेल.

काचेला आणखी एक फायदा आहे. धरणावर बसविलेली विजेची उपकरणे वळवाच्या पहिल्या कडकडाटात जळून जातात, ही इंजिनियर मंडळींची जुनी तक्रार. नुसत्या काचेच्या तारेतून वीज वाहत नाही, ठिणगी पडत नाही, तिला गंज चढत नाही. म्हणून ती पेट्रोलच्या टाकीजवळ आणि खाणीतही चालते. उणीव आहे ती पेटीची. धागा स्वस्त, पण पेटीला लाखो रुपये पडतात, आणि तिचा आलेख वाचणारा जाणता माणूस लागतो. तुमच्या ग्रामपंचायतीत आलेली तारही अशी पेटी लावल्याशिवाय आपण होऊन काही सांगणार नाही.

आणि तार तुटते. उंदीर कुरतडतात, चर खणणारे यंत्र एका फटक्यात तोडते. रस्त्याकडेची तुटली तर तुटल्याची जागा पेटी मीटरभराच्या अंतरात सांगते. मग जोडारी दोन्ही टोके साफ करून समोरासमोर धरतो आणि विजेच्या बारीक ज्योतीने वितळवून सांधतो. सांधा थोड्या मिनिटांचा, चर उघडायलाच वेळ जातो. धरणाच्या पोटातली मात्र उकरता येत नाही. म्हणून ती पुरतानाच पलीकडून वळवून परत आणतात आणि दोन्ही टोके बाहेर ठेवितात. मध्ये कुठे तुटलीच तर एक तुकडा या टोकाकडून वाचायचा आणि दुसरा त्या टोकाकडून.